बीदर ते बुदिहाळ : गवताच्या मागावर

हैदराबादहून सोलापूरकडे येताना पटानचेरू लागतं. बहुतेक प्रवासी इथे थांबत नाहीत. १९७२ साली सुरू झालेली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था इथेच आहे. तिच्या जनुकपेढीत ज्वारीचेच सुमारे ४० हजार नमुने जपून ठेवलेले आहेत, त्यांतले दीर्घ मुदतीसाठीचे उणे २० अंशांच्या खोल्यांत. दख्खनच्या, माळव्याच्या, सुदानच्या, इथिओपियाच्या शेतांतलं बियाणं तिथे पाकिटात झोपलेलं आहे. या संग्रहात ज्वारीच्या रानटी भाईबंदांचा वाटा मात्र अगदी थोडा. मला तेच हवे होते, आणि ते पाकिटाबाहेर, बांधावर उभे असलेले पाहायचे होते. म्हणून दिवाळी सरल्यावर, रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली असताना, बीदर आणि कलबुर्गीची वाट धरली.

शेतीनं रानगवतातून पिकं घडवली हे शाळेच्या पुस्तकातही असतं. उलट दिशेचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही. चार-पाच हजार वर्षं माणूस पेरतो आहे, निंदतो आहे, जाळतो आहे, गुरं चारतो आहे. एवढ्या काळात बांधापलीकडचं गवत जसंच्या तसं राहिलं असेल का? मला वाटतं, नाही. आपण ज्याला रान म्हणतो त्यातलं बरंचसं गवत शेतकऱ्याच्या हाताखालून गेलेलं आहे, आणि त्याच्या गुणसूत्रांत त्याची नोंदही आहे.

बीदरला वळण्याआधी जहिराबाद लागतं. या बाजूच्या लाल, हलक्या जमिनींत पस्तापूरच्या ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’नं १९८० च्या दशकापासून दलित बायकांचे संघम् उभे केले. एका वावरात अनेक पिकं मिसळून पेरायची आणि बियाणं घरच्या कणगीत राखायचं, ही त्यांची रीत. संस्थेमागचे पी. व्ही. सतीश २०२३ च्या मार्चमध्ये गेले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलेलं होतं. इथल्या पिवळ्या ज्वारीला तेलुगूत ‘पच्च जोन्न’ म्हणतात. ती, राळा, तूर आणि अंबाडी एकाच पट्ट्यात दिसली की सलग सोयाबीन पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना बरं वाटतं. माझ्या कामाच्या दृष्टीनं मिसळपेर महत्त्वाची ती वेगळ्याच कारणानं. अशा वावरात पीक कुठे संपतं आणि तण कुठे सुरू होतं, ही रेघ पुसट असते. ही रेघ पुसट असेल तिथे गवतांची आपसांतली देवाणघेवाण वाढते.

बीदर शहर जांभ्याच्या पठारावर बसलेलं आहे. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीनं राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, इथे आणली. बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा १४७२ चा. त्यावर आणि इथल्या करेझवर, म्हणजे पाण्याच्या भुयारी वाटांवर, पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. किल्ल्यात मी बराचसा खाली मान घालूनच फिरलो. जांभ्याच्या पातळ मातीवर कुसळीचं राज्य आहे. तिच्या बियांची काळी शेपटी ओल लागली की पीळ सोडते आणि वाळली की पुन्हा घालते, आणि असं करत करत बी जमिनीत शिरतं. किल्ल्याची टेकडी उतरून काळ्या जमिनीला लागलं की मारवेल दिसू लागतं. गुरं मारवेल आवडीनं खातात. कुसळीला दाणा धरल्यावर मात्र तोंड लावत नाहीत, कारण ती जिभेला टोचते. जिथे चराई फार, तिथे मारवेल मागे पडतं आणि कुसळी माजते. माळाचा पोत असा गुरांच्या तोंडानं ठरतो. नुसती जात बदलते असंही नाही. एकाच जातीतली उंच, मऊ झाडं आधी खाल्ली जातात आणि जमिनीलगत पसरणारी टिकून बी टाकतात.

भालकी तालुक्यात शिरलं की मराठी सहज कानावर येते. बोली उदगीर-देवणीकडची, मध्येच कानडी शब्द. कारंजा धरणामुळे ऊस वाढला आहे, आणि पाटाच्या कडेनं माणसाच्या खांद्याएवढं एक गवत दाट उभं असतं. लांबून ज्वारीच वाटावी. पान तसंच, मधली पांढरी शीर तशीच, फक्त कणीस गच्च नसून मोकळं, पिंजारलेलं आणि जांभळट. म्हशीसाठी गवत कापत बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, “मावशी, हे काय?”

“बरू हाय की दादा. कितीबी उपटा, खालनं येतंयच.”

“म्हशीला घालता?”

“थोर झाल्यावर. कोवळं न्हाई घालत, किराळ लागतं.”

मावशींनी दोन वाक्यांत पाठ्यपुस्तकातला धडा सांगून टाकला. ‘खालनं येतंय’ म्हणजे जमिनीखालच्या कांड्यांतून. त्या कांडीचा तुकडा नांगरानं तोडला तर त्या तुकड्याचं नवं झाड होतं, म्हणजे नांगरट हीच त्याची लागवड. आणि किराळ म्हणजे कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणात सापडलेल्या ताटातलं विष. त्यातल्या धुरिन नावाच्या द्रव्यापासून गुराच्या पोटात सायनाइड तयार होतं. ज्वारीतही हेच धुरिन असतं, कारण दोघं एकाच घरातले.

हे नातं कसं जुळलं ती गोष्ट या प्रवासातली मला सगळ्यांत रंजक वाटते. ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रं असतात, बरूच्या पेशीत ४०. बरू हा ज्वारी आणि आग्नेय आशियाकडची एक बहुवर्षायू रानज्वारी यांच्या संकरातून झाला, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. उंच वाढ आणि भरपूर दाणे ज्वारीकडून आले, जमिनीखालची कांडी रानज्वारीकडून. दोन्ही आईबापांची गुणसूत्रं पूर्णच्या पूर्ण राहिली, म्हणून दुप्पट झाली. एकोणिसाव्या शतकात हे गवत चाऱ्यासाठी अमेरिकेत गेलं. अलाबामातल्या कर्नल विल्यम जॉन्सन नावाच्या जमीनदारानं ते लावलं आणि तिकडे त्याला जॉन्सनचंच नाव पडलं. आज ते जगातल्या सर्वांत छळणाऱ्या तणांत मोजलं जातं.

पण संकर एकदा होऊन थांबला नाही. ज्वारी बहुतांशी आपल्याच परागानं फळते, तरी थोडा पराग वाऱ्यावर जातोच. २० आणि ४० गुणसूत्रांची गाठ पडली की पोटी बहुधा वांझ झाड येतं. क्वचित ज्वारीचा परागकण गुणसूत्रं अर्धी न करताच तयार होतो, तेव्हा संकर टिकतो आणि पुढे बरूतच मिसळून जातो. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका अभ्यासात बरूच्या जनुकांत ज्वारीच्या खुणा सापडल्या. जिथे अलीकडे ज्वारी पेरलीच जात नव्हती, अशा भागांतल्या बरूतही त्या होत्या. पीक निघून गेलं होतं, त्याची जनुकं तणात राहिली होती. भालकीच्या पाटावरच्या बरूची अशी तपासणी मी कुठे वाचलेली नाही. पण इथे ज्वारी अमेरिकेपेक्षा कितीतरी आधीपासून आहे आणि बांध अरुंद आहेत.

मावशींच्या शेजारच्या रानात कोळपणी आटोपली होती आणि बायका खुरपं घेऊन ओळीतलं तण काढत होत्या. कोवळेपणी बरू आणि ज्वारी ओळखायची कशी? त्यातल्या एकीनं एक रोप उपटून बूड दाखवलं. बुडाला फुटलेल्या दाण्याचं टरफल चिकटलेलं असेल तर ज्वारी, कांडीचा तुकडा असेल तर बरू. मग मी अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. बरूच बियापासून उगवलेला असेल तर? ती हसली. “मग ऱ्हातंय त्ये. पोटऱ्यात आल्यावर कळतंय.”

हे जे ‘ऱ्हातंय’, तेच महत्त्वाचं. खुरप्याखालून तेच रोप सुटतं जे पिकासारखं दिसतं. त्याचं बी पडतं आणि पुढच्या वर्षी पिकासारखी दिसणारी रोपं थोडी जास्त उगवतात. कुणी ठरवून केलेलं नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या ही निवड चालू असते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी ही गोष्ट गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. गव्हाच्या शेतात तण म्हणून शिरलेली राय गव्हासारखी होत होत थंड मुलखात स्वतःच पीक झाली, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढचा टप्पा कलबुर्गी. बीदरहून तिकडे जाणारी रेल्वे २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. हुमनाबादनंतर उतार लागतो आणि जांभा मागे पडून काळी जमीन क्षितिजापर्यंत पसरते. या दिवसांत तूर फुलावर असते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पाटी स्टेशनाबाहेरच्या दुकानांवर दिसते. खाणावळीत जोळद रोट्टी आली. कडक, पापडासारखी मोडणारी, सोबत शेंगाचटणी आणि एण्णेगायी म्हणजे भरली वांगी. सोलापूरच्या माणसाला यात परकं काहीच वाटणार नाही. ताटातल्या या ज्वारीचं मूळ मात्र इथलं नाही.

पूर्व सुदानात, कसलाजवळच्या एका जुन्या वस्तीच्या खापरांत ज्वारीच्या भुशाचे ठसे सापडले. मातीचं भांडं थापताना त्या लोकांनी मातीत भुसा मिसळला होता. भट्टीत तो जळून गेला, ठसा राहिला. काळ इसवी सन पूर्व ३००० च्या आधीचा. २०१७ साली पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डोरियन फुलर आणि सहकाऱ्यांनी ते ठसे तपासले, तेव्हा रानटी आणि माणसाळलेली अशी दोन्ही बोंडं एकाच काळातल्या खापरांत निघाली. रानटी बोंड देठापासून आपोआप सुटतं, म्हणून त्याचा सांधा गुळगुळीत असतो. माणसाळलेलं मळताना तुटतं, म्हणून खडबडीत. एवढ्याशा जखमेवरून सगळा निवाडा. तिथून ज्वारी समुद्रमार्गे भारतात आली. बाजरी, वाल, ज्वारी ही आफ्रिकेकडची पाहुणी मंडळी, आणि बाजरीचे दाणे कर्नाटकातल्या हल्लूरच्या उत्खननात इसवी सन पूर्व दुसऱ्या सहस्रकातलेच मिळाले आहेत.

माणसानं थोडी झाडं निवडली, तेव्हाच पिकातलं वैविध्य एकदम आटलं, असं पूर्वी धरून चालत. नाईलकाठच्या कसर इब्रिम इथल्या कोरड्या हवेत टिकलेल्या जुन्या ज्वारीचं जनुकवाचन २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात अशी एकदम आलेली अरुंद खिंड दिसली नाही. वैविध्य हजारो वर्षांत थेंबाथेंबानं कमी होत गेलं होतं आणि घातक बदल साचत गेले होते. ‘दुर्रा’ या तऱ्हेला दुसऱ्या तऱ्हेच्या ज्वारीशी झालेल्या संकरातून नवं रक्त मिळालं होतं. मान मुरडलेलं, गच्च कणसाचं आपलं मालदांडीचं ताट याच दुर्रा तऱ्हेतलं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ती जात सोलापूरपासून इथपर्यंत अजून टिकून आहे.

मग आफ्रिकेची पाहुणी यायच्या आधी इथले लोक काय खात होते? याचं उत्तर बाजारात मिळालं. कलबुर्गीच्या एका दुकानात ‘सिरिधान्य’ अशी पाटी आणि खाली प्लास्टिकच्या पुड्या. नवणे म्हणजे आपला राळा, हरक म्हणजे हरीक, आणि कोरले. हिरवट-तपकिरी, बारीक दाण्याचं हे कोरले मधुमेहावरचं औषध असल्यासारखं विकलं जातं. त्या दाव्यात मला पडायचं नाही. त्याचं वय मात्र थक्क करणारं आहे. फुलर, रवी कोरीशेट्टर आणि सहकाऱ्यांनी कर्नाटक-आंध्रातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांतली माती पाण्यात घोळवून तरंगणारा कोळसा गाळून घेतला. त्यात चार धान्यं पुन्हा पुन्हा सापडली. दोन कडधान्यं, मूग आणि हुलगा. दोन गवतं, कोरले आणि केसाळ कणसाचं, अंगाला चिकटणारं एक रानराळं. गहू-बार्ली नंतर आली. म्हणजे दख्खननं आपली शेती इथल्याच गवतांवर सुरू केली.

त्या चिकट राळ्याचं पुढे काय झालं? ते पाहायला दुकानात जावं लागत नाही. शहराबाहेर कुठल्याही ओल्या, शेणखत पडलेल्या जागी उभे राहा. त्याच्या कणसावरच्या केसांना उलटे काटे असतात, त्यामुळे पॅंटला, मेंढीच्या लोकरीला, गाईच्या शेपटीला ते घट्ट धरतं. चार हजार वर्षांपूर्वी ज्याचं जेवण होत होतं, ते आज बहुतेक ठिकाणी तण आहे. त्याला पूर्ण माणसाळवलं होतं की नुसतं गोळा करत होते, हे जळलेल्या दाण्यावरून ठरत नाही. त्यासाठी पुन्हा देठाचा तो तुटका सांधाच हवा, आणि बारीक धान्यांत तो सहसा टिकत नाही. पण काही पिढ्या जरी ते पेरलं-कापलं गेलं असेल, तरी आजच्या उकिरड्यावरच्या झाडाला निखळ रानटी म्हणणं मला जड जातं.

कोरले अजून शेतातून पूर्ण सुटलेलं नाही. जपानी अभ्यासक मिकिओ किमाता आणि त्यांच्या कर्नाटकातल्या सहकाऱ्यांनी २००० साली दक्षिणेतल्या शेतांचं निरीक्षण छापलं. कोरले कुठे तण म्हणून, कुठे दुसऱ्या धान्यात सोसून घेतलेलं, तर कुठे मुद्दाम पेरलेलं त्यांना आढळलं. शेतकरी ते उपटत नाही, कारण दुष्काळात दुसरं काही आलं नाही तरी ते हाताला लागतं. हरकाचंही तसंच. त्याची रानटी आणि पेरलेली झाडं शेजारी फुलतात, संकर होतो आणि मधल्या तऱ्हा निर्माण होतात. पीक आणि रान यांच्यामध्ये भिंत असते ही कल्पना, मला वाटतं, पाकिटं आणि तणनाशकं आल्यानंतरची.

कलबुर्गीहून जेवर्गी, शहापूर करत सुरपूरकडे निघालो. हा भाग पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यातच होता. २००९ च्या डिसेंबरअखेर यादगीर वेगळा झाला. सुरपूर तालुक्यात बुदिहाळ आहे आणि तिथे नवाश्मयुगातले राखेचे ढिगारे. पूर्वी कुणाला ते ज्वालामुखीची राख वाटले, कुणाला लोखंड गाळल्याची मळी. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हे शेण असावं असं म्हटलं होतं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ते पक्कं झालं, आणि १९५७ साली पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑलचिन यांना उटनूरच्या ढिगाऱ्यात गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा सापडले. बुदिहाळला डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी १९९० च्या दशकात उत्खनन केलं. गुरांचा वाडा, त्याला लागून वस्ती, चर्ट या दगडाची पाती घडवण्याची जागा, जनावरं कापण्याची जागा, असं सगळं गावच वर आलं. शेण वाड्यात साठवायचं आणि अधूनमधून पेटवायचं. कुठे कुठे आग इतकी तापली की राख काचेसारखी वितळून दगड झाली. हाताला ती अनपेक्षित हलकी लागते.

गवताचा माग काढणाऱ्याला यापेक्षा चांगलं दप्तर नाही. गवताच्या पेशींत वाळूचेच, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म साचे तयार होतात आणि ते जळत नाहीत, कुजत नाहीत. गाईनं खाल्लं, शेणात गेलं, पेटलं, तरी साचा राहतो, आणि त्याच्या आकारावरून गवताचा गट सांगता येतो. बुदिहाळच्या अशा साच्यांवर पुण्याच्या काजळे आणि एकसंबेकर यांनी काम करून ठेवलं आहे.

ढिगाऱ्यापाशी उभं राहून मला एक शंका येत राहिली. वाडा म्हणजे खत, वाडा म्हणजे तुडवलेली मोकळी माती. हजार गावरान गुरं माळ चरून संध्याकाळी इथे येणार, अंगाला चिकटलेली आणि पोटात न पचलेली बियाणी आणणार. कोरले आणि चिकट राळं यांना अशीच जागा आवडते. पहिली पेरणी माणसानं केली की गुरांनी? लोकांनी वाड्याच्या कडेला आपोआप उगवलेलं कापायला सुरुवात केली असेल, आणि पेरणी मागाहून आली असेल. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण इथल्या नवाश्मयुगात शेतीआधी गुरंच मोठी होती, हे ढिगाऱ्यांचे आकारच सांगतात.

आज सुरपूर-शहापूरच्या सखल रानांत नारायणपूर धरणाचं पाणी खेळतं. जिथे शतकानुशतकं ज्वारी होती तिथे भात आला आहे, आणि भाताबरोबर साव्याच्या कुळातलं भातखाचरातलं तण. चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातल्या याच तणाचं जनुकवाचन २०१९ साली प्रसिद्ध झालं. हातानं निंदणी करणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांच्या नजरेतून सुटत सुटत हे गवत सुमारे हजार वर्षांत भातासारखं ताठ आणि हिरव्या बुडाचं झालं. त्याचे पसरट, लालसर बुडाचे भाऊबंद खाचराबाहेर राहिले. भातासारख्या दिसणाऱ्या या तणाचं जनुकीय वैविध्यही घटलेलं आढळलं. म्हणजे पिकाच्या बाबतीत घडतं तेच, फक्त इथे निवड टाळण्यातून झालेली.

सुरपूरच्या खाचरांना अजून हजार वर्षं झालेली नाहीत. शिवाय इथे निंदणीपेक्षा फवारणी जास्त, आणि फवारणीत दिसण्याला किंमत नसते, विष पचवण्याला असते. पंजाब-हरियाणात गव्हातलं ‘गुल्ली दंडा’ हे तण १९९० च्या दशकारंभी आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईनासं झालं, ते याच वाटेनं. बांधावर बसलेल्या मुकादमाला विचारलं, तण ओळखता कसं? त्यानं दोन पाती हातात दिली. पातं खोडाला जिथे फुटतं त्या बेचक्यात भाताला पातळ पांढरा पापुद्रा असतो, या गवताला नसतो. मग तो उठला, पंप पाठीला अडकवला आणि म्हणाला, “एवढं बघत बसायला माणसं कुठायत, सर?”